आवाजाचा रकाना

परभणीत नांदेड रोडच्या फार्मसी कॉलेजात
मला अनुकंपावर नोकरी लागली,
ती मागच्या पत्र्याच्या खोलीत, जनावरांच्या.
दस्तगीरमामानं किल्ल्यांचा जुडगा हातात दिला,
म्हणाले, “बाई, हे गिनीपिग बोलतेत.
घाण काढणं कुणालाबी येतं.
तुमी ऐकायचं तेवढं शिका.”

पहिल्या हप्त्यात एकच आवाज कळला.
पन्नी वाजली की अख्खी खोली शिट्टी व्हायची,
वीऽक वीऽक, जाळीला पुढचे पाय लावून.
एकदा मी रिकामीच पन्नी वाजवली, गंमत म्हणून.
धावून आले सगळे. मग एकेक जण
माझ्याकडं बघत मागं सरकला.
पुन्हा नाही केलं तसं.

घुरघूर कळायला पाऊस गेला, थंडी आली.
अंग सैल, पोट जमिनीवर सांडलेलं, तेव्हा ती घुरघूर म्हणजे
असंच राहू द्या.
तीच घुरघूर जरा वरच्या पट्टीत, पाठ ताठ,
तर हात काढा, आत्ता काढा.
“कानानं अर्धंच कळतंय,” मामा म्हणायचे,
“उरलेलं पाठीवर लिव्हलेलं असतंय.”

दात वाजवले, अडकित्त्यात सुपारी कातरावी तसे,
तर मधी पडायचं नाही.
डोकं वर झटकलं, तर बोट चुकीच्या जागी लागलं.
सात नंबरचा नर मादीभवती फिरायचा
ढुंगण हलवत, छातीतून गुरगुरत,
वरातीतल्या थोरल्या मेव्हण्यावाणी;
ती त्याला काय म्हणायची
ते मामानं मला सांगितलं नाही, हसले नुसते.

आणि मग पिंगळीहून ओला लसूणघास आला, पहाटे कापलेला.
चार नंबर जागच्या जागी उडाली!
तापल्या खापरात ज्वारीची लाही उडावी तशी,
तोंड इकडं, बूड तिकडं.
मला वाटलं झटका आला.
धावत गेले, तर मामा म्हणाले, “खूश हाय ती.
खुशीला एवढंच अंग असतंय त्यांच्याकडं.”

प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरं यायची.
एका पोरीनं चार नंबरला उचललं छातीशी,
“किती गरीब आहे हो, हलतसुद्धा नाही.”
मामानं तिच्या हातातून अलगद घेतलं तिला,
“गरीब नाही, बेटा.
ते आत पळायलंय.”

माझ्या हातातला पाण्याचा डबा तसाच राहिला.

तेराव्याच्या दुपारी ओसरीत बसवलं होतं मला.
दीर, चुलतसासरे, तलाठ्याच्या ओळखीचा कुणीतरी,
मधे कागद, कागदावर शाईचा पॅड.
मी पदराचं टोक धरून बसले.
अंगठा त्यांनीच धरला, टेकवला.
उठताना एकजण म्हणाला,
“समजूतदार आहे. हूं की चूं केलं नाही.”

रजिस्टरात रकाने : तारीख, वजन, ताप, खाद्य, शेरा.
मी शेऱ्यात लिहू लागले.
२ नंबर : दात वाजवते. जागा कमी पडते.
९ नंबर : ऊन चव्वेचाळीस, कुलर बंद, आडवा पडला, गोणपाट भिजवून टाकलं.
४ नंबर : आज दोनदा उडाली.
सरांनी लाल पेनानं लिहिलं, ‘अनावश्यक मजकूर’.
तेव्हापासून पेन्सिलीनं लिहिते.

मामा निवृत्त झाले, पाथरीला गेले लेकाकडं.
काल संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
चार नंबरनं माझ्या मनगटावर हनुवटी ठेवली
आणि एक आवाज काढला, बारीक, तुटक,
चुट, चुट, चुट,
कधी ऐकलाच नव्हता.
फोनवर मामाला करून दाखवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
“मला बी नाही ठाऊक, बाई,” म्हणाले, “लिवून ठेवा.”

लिहिलं.
४ नंबर. काहीतरी म्हणाली.
अजून कळलं नाही.